विरळ हवेतली शर्यत

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डरची शर्यत करून परतलेला हौशी ट्रायथलीट आधी आपली वेळ सांगतो, आणि सांगताना बहुधा त्याचा चेहरा पडलेला असतो. ह्यूस्टन किंवा न्यू जर्सीत, समुद्रसपाटीला, महिनोन्‌महिने पहाटे उठून त्याने सराव केलेला असतो. शरद ऋतूतल्या पूर्ण आयर्नमॅनची तयारी म्हणून उन्हाळ्यात बोल्डरची अर्ध्या अंतराची शर्यत त्याने लावलेली असते: 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल, 21.1 किलोमीटर धावणं. आणि घड्याळ सांगतं की गेल्या वर्षीपेक्षा आपण मागे पडलो. मग सरावाचा आराखडा बदलतो, ताण वाढतो आणि कित्येकदा मोठ्या शर्यतीआधीच गुडघा किंवा पोटरी धरते. ही खिन्नता चुकीच्या हिशेबातून येते. तो हिशेब दुरुस्त व्हायला हवा, कारण हौशी माणसाकडे वाया घालवायला फारशी रजाही नसते.

रॉकी पर्वताच्या पायथ्याचं बोल्डर सुमारे 1,650 मीटर उंचीवर आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या माथ्याइतकं. कळसूबाईवर बसून डबा खाताना कुणाला हवा विरळ वाटत नाही, म्हणूनच या उंचीला लोक फार मोजत नाहीत. बसल्या जागी शरीराची गरज थोडी असते. सहा तास जोर लावायचा म्हटला की उणीव उघडी पडते. हवेत ऑक्सिजन तिथेही 21 टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सहाव्या हिश्शाहून अधिक उतरलेला असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात हाती कमी लागतं. कसलेल्या खेळाडूची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दर हजार मीटरला साधारण 6 टक्क्यांनी घटते.

पण ही घट तिन्ही प्रकारांत सारखी जाणवत नाही, आणि हौशी खेळाडू फसतो तो इथेच.

पहिला फटका पाण्यात बसतो. पाण्याची घनता डोंगरावर बदलत नाही. हाताला तोच विरोध, पायाला तोच जोर. कमी झालेली असते फक्त हवा. शिवाय धावताना हवे तितके श्वास घेता येतात, तसं पोहताना करता येत नाही. तोंड पाण्याबाहेर येईल तेव्हाच श्वास. रिझर्व्हॉयरच्या थंड पाण्यात, छातीवर आवळून बसलेल्या वेटसूटमध्ये, आजूबाजूला हातपाय आपटत असताना पहिले दीडदोनशे मीटर नेहमीच्या वेगाने मारले की अचानक घशाशी काहीतरी अडल्यासारखं होतं. दर तिसऱ्या हाताला श्वास घेण्याची घोटलेली लय मोडते, मान वर येते, पाय खाली जातात, आणि खाली गेलेले पाय ओढण्यासाठी आणखी ऑक्सिजन लागतो. समुद्रात सहज पोहणारी माणसं इथे थांबून बचाव-कयाकला धरतात. त्यांची तयारी कमी नसते. सुरुवातीचा वेग जास्त असतो. पहिल्या हातापासून दर दुसऱ्या हाताला श्वास घेतला आणि पहिली पाच मिनिटं मुद्दाम सावकाश काढली, तर बरंचसं टळतं.

सायकलवर उलटा खेळ होतो. हवा विरळ म्हणजे समोरून अडवणारा वाराही विरळ. बोल्डरच्या उंचीवर हवेची घनता सुमारे 15 टक्के कमी असते आणि सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. एडी मर्क्सने 1972 मध्ये तासाभरात 49.431 किलोमीटरचा विक्रम केला तो मेक्सिको सिटीत, आणि ती जागा त्याने याच कारणासाठी निवडली होती. हौशी स्वार मीटरवरचा आकडा पाहून सुखावतो. वेग नेहमीचाच दिसतो, पण नेहमीचे वॉट काढायला गेलं तर हृदय दर मिनिटाला नेहमीपेक्षा जास्त ठोके देत असतं. त्याची वसुली धावताना होते. कच्चा रस्ता, डोक्यावर ऊन, सावली जवळजवळ नाही, कोरड्या हवेत घाम दिसायच्या आत वाळून जातो आणि तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो. दहाव्या किलोमीटरला चालायला लागलेल्या माणसाने शर्यत तिथे हरलेली नसते, सायकलवरच हरलेली असते.

या विषमतेचा सर्वांत मोठा पुरावा 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकने दिला. 2,240 मीटरवरच्या त्या शहरात बॉब बीमनने 8.90 मीटरची लांब उडी मारली, आणि त्याच मैदानावर 10,000 मीटरचा जागतिक विक्रमवीर रॉन क्लार्क सहावा येऊन कोसळला. त्याचा विक्रम 27 मिनिटं 39.4 सेकंदांचा होता. सुवर्णपदक जिंकणाऱ्या केनियाच्या नफ्ताली टेमूला 29 मिनिटं 27.4 सेकंद लागले. टेमू जन्मापासून उंचीवर राहिलेला, तरीही विक्रमाच्या जवळपास नाही. त्या दिवशी कुणी टेमूला मंद म्हटलं नाही. मग आपल्या हौशी मित्राने स्वतःला का म्हणावं?

दुसरी चूक याहून महाग पडते. उंचीवर शर्यत केली की रक्त सुधारतं आणि मोठ्या शर्यतीत त्याचा फायदा मिळतो, असं अनेक जण धरून चालतात. उंचीवर गेल्यावर काही तासांत शरीर तांबड्या पेशी वाढवणारं संप्रेरक, एरिथ्रोपोएटिन, वाढवतं, हे खरं. पण तांबड्या पेशी लक्षणीय वाढायला तीन-चार आठवडे लागतात. 1997 मध्ये लेव्हिन आणि स्ट्रे-गुंडरसन या संशोधकांनी ‘वर राहा, खाली सराव करा’ ही पद्धत तपासली, तेव्हा धावपटू चार आठवडे 2,500 मीटरवर राहत होते. तीन दिवसांत हिमोग्लोबिन चढलेलं दिसतं ते रक्तातलं पाणी उतरल्यामुळे. म्हणजे गुरुवारी उतरून रविवारी परतणाऱ्याच्या पदरी उंचीचा त्रास सगळा पडतो, फायदा काहीच नाही. बीडच्या स्टीपलचेसपटू अविनाश साबळेने 2022 मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्सला राहून सराव केला आणि बर्मिंगहॅमला 8 मिनिटं 11.20 सेकंदांत राष्ट्रकुल रौप्य मिळवलं. त्याचं कामच ते होतं. नोकरी, मुलांची शाळा आणि वर्षाची मोजकी रजा सांभाळणाऱ्याने त्याची पद्धत अर्धवट उचलू नये.

म्हणून उंचीवर शर्यत करूच नये, असं मी म्हणत नाही. घड्याळ झाकून, श्वास आणि नाडी ऐकत सहा तास काढायची सवय समुद्रसपाटीला सहसा लागत नाही, कारण तिथे चुकीला माफी असते. आयर्नमॅनच्या जागतिक स्पर्धेसाठी ओळखल्या जाणाऱ्या हवाईतल्या कोनाच्या उष्ण, दमट किनाऱ्यावर हीच सवय कामी येते. भूक मरते तेव्हा किती खायचं, कोरड्या हवेत किती प्यायचं, हेही इथे कळतं. रंगीत तालीम म्हणून ही शर्यत फार चांगली आहे. परीक्षा म्हणून वाईट.

महाराष्ट्रातल्या खेळाडूंना हे वेगळ्या वाटेने लागू होतं. सप्टेंबरमध्ये लेहची मॅरेथॉन आणि मागोमाग गोव्याची 70.3, म्हणजे अर्ध्या अंतराची आयर्नमॅन, असं वेळापत्रक आखण्याचा मोह होतो. लेह 3,500 मीटरवर आहे आणि तिथला प्रश्न वेळेचा राहत नाही, जिवाचा होतो. शिवाय गोव्यात कसोटी उकाड्याची. उष्णतेचा सराव दहा-पंधरा दिवसांत रक्तातलं पाणी वाढवतो, तर उंची पहिल्या दिवसांत ते उतरवते. लेह धावायचं असेल तर लेहसाठी धावा, गोव्याची तयारी म्हणून नको. उंचीचा त्रास टाळायला अनेक जण विचार न करता घेतात ती डायमॉक्सची गोळी जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत आहे, हेही प्रशिक्षकांनी स्पष्ट सांगायला हवं.

नोंदणीचे पैसे भरण्याआधी कॅलेंडर उघडा. दोन-तीन आठवडे आधी जाऊन राहता येत असेल, तर शर्यत मन लावून करा. तेवढी रजा नसेल तर वेळेचं उद्दिष्ट घरी ठेवून जा, आणि परतल्यावर त्या वेळेवरून सरावाचा एकही आकडा बदलू नका. डोकं दुखून उलट्या होत असतील किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर शर्यत सोडून त्याच दिवशी खाली उतरा.