उठून जाण्याची मुभा

‘त्याला आवाज सहन होत नाही ना, मग गॅदरिंगला नका आणू त्याला,’ असं स्वमग्न मुलाच्या आईला शाळेतून मायेनंच सांगितलं जातं. लेकराला त्रास होऊ नये, एवढाच हेतू असतो. पण त्यात त्याचं गाणं, नाच, टाळ्या, शेवटी मिळणारा खाऊ, सगळंच जातं. त्या मुलाला गाणं आवडत असतं. सोसत नाही तो आवाज, ज्यातून सुटायला वाट नसते. दिव्यांग मुलांसाठी गाण्याचा कार्यक्रम कसा करावा, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर एकच: त्यांना हवं तेव्हा उठून जाता यावं आणि हवं तेव्हा परत येता यावं. बाकीची व्यवस्था यातूनच निघते.

पुष्कळ स्वमग्न मुलांना आवाजातलं कामाचं आणि बिनकामाचं वेगळं काढता येत नाही. शेजारणीच्या बांगड्या, जनरेटरची घरघर, माइकची शिट्टी, सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंचं बोलणं, सगळं सारख्याच जोरानं अंगावर येतं. मग मूल कान दाबतं, डोलतं, किंचाळतं आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. काहींचं याच्या उलट असतं. ती स्पीकरला चिकटून बसतात. दोघांनाही दाटीत, रांगेत, मांडी घालून गप्प बसवलं की घोळ होतो. वाट मोकळी आहे आणि उठलं तर कुणी रागावणार नाही, एवढं ठाऊक असलं तर मूल पुष्कळदा उठतही नाही.

2 ऑक्टोबर 2011 रोजी न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर ‘द लायन किंग’चा स्वमग्न मुलांसाठी खास प्रयोग झाला. नाटक तेच ठेवलं. दचकवणारे आवाज आणि डोळ्यांवर मारणारे दिवे तेवढे उतरवले, आणि बाहेर शांत बसायला जागा केली. दार लावून, दिवे मालवून, गप्प बसून बघण्याच्या रंगभूमीला ही सवलत मुद्दाम द्यावी लागली.

अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीसारख्या आपल्या गावांत गाणं ऐकण्याची जुनी रीत याहून निराळी आहे. सप्ताहात पहाटे काकडा, दिवसा पारायण, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि शेवटच्या दिवशी काला. हरिपाठाचे अभंग रोज तेच, त्याच क्रमानं. पुढं काय येणार हे आधी कळलं की ज्या मुलाचा जीव थाऱ्यावर राहतो, त्याला याहून सोयीचं गाणं कोणतं? मंडपाला भिंती नसतात. बाया लेकरू घेऊन मागं बसतात, रडलं की उठतात, फिरवून आणतात, परत टेकतात. कुणी मध्येच टाळी धरतं, कुणी डोलतं. डोलणाऱ्या पोराकडं कीर्तनात कुणी वळून बघत नाही. ही मुभा आपल्याला आयती मिळालेली आहे.

ती गेली कर्ण्यापायी. उठून मंडपाबाहेर आलं तरी चौकात दुसरा कर्णा, देवळावर तिसरा, जायचं कुठं? मोकळ्या रानात स्पीकरपासून दुप्पट लांब गेलं की आवाज साधारण 6 डेसिबलनं उतरतो. पण गावभर कर्णे बांधले तर लांब जाण्याला अर्थच उरत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. आपण ती पोलिसांची बाब समजतो. मला ती या मुलांच्या निमंत्रणाची पहिली ओळ वाटते.

आता एक खरी अडचण. बहिऱ्या मुलाला जोराचा ठोका हवा असतो, स्वमग्न मुलाला तो नको. दोघं एका मंडपात कशी बसणार? इथं पखवाज कामाला येतो. त्याच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावलेली असते, म्हणून घुमारा खोल येतो. बहिऱ्या मुलाला पखवाजाला खेटून बसवा, तळहात खोडावर ठेवू द्या. कर्णा न लावताही ठेका त्याच्या कोपरापर्यंत पोचतो. हातात फुगवलेला फुगा दिला तर त्याच्या पातळ रबरातून थरथर बोटांना लागते. अंध मुलाला कार्यक्रमाआधी टाळ, वीणा, पेटी चाचपून बघू द्या. स्वमग्न मूल वीस पावलं मागं, जाण्यायेण्याच्या वाटेला लागून. म्हणजे आवाज सगळ्यांसाठी एकच ठेवायचा आणि अंतर ज्याचं त्याला ठरवू द्यायचं.

टाळ मात्र जपून वाजवावेत; त्यांचा खणखणाट पखवाजापेक्षा जास्त टोचतो. जयघोष अचानक नको. गाणाऱ्यानं आधी हात वर करावा, मग म्हणावा. अंबडला दत्तजयंतीला शास्त्रीय गाण्याचा महोत्सव भरतो; तिथले गवई या मुलांना आलाप ऐकवतील तर फार बरं होईल. खालच्या सुरात सुरू होऊन सावकाश चढणारं गाणं दचकवत नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 29 सांस्कृतिक जीवनात बरोबरीनं भाग घेण्याबद्दलच आहे. ते शाळेच्या फलकावर लिहिण्यापेक्षा गॅदरिंगच्या नियोजनाच्या बैठकीत वाचावं. आणि व्यवस्था जमणार नाही असं अंतरवालीत तरी कुणी म्हणू नये. 14 ऑक्टोबर 2023 च्या मराठा आरक्षणाच्या सभेला याच गावात लाखो माणसं आली होती. त्यापुढं दहा-पंधरा मुलांसाठी लागतं ते किती? एक सतरंजी, मंडपाबाहेर एक खोली, साउंडवाल्याशी आदल्या दिवशी दोन शब्द आणि दारात उभी राहणारी एक बाई, जी बाहेर जाणाऱ्या मुलाला ‘कुठं चाललास?’ असं विचारणार नाही.