घाणेरीचं पाप कोणाच्या माथी?

घाणेरीचा एखादा गुच्छ जवळून बघावा. मधली कोवळी फुलं पिवळी, कडेची गुलाबी. परागीभवन झालं की फूल रंग पालटतं, मग फुलपाखरं गुलाबीला सोडून पिवळ्याकडेच वळतात. उष्ण अमेरिकेतलं हे देखणं झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आलं ते शोभेसाठी. तिथून ते बंगल्यांच्या कुंपणांवर गेलं, बुलबुलांनी काळी फळं खाऊन बिया रानात टाकल्या, आणि पुढे त्याने जंगलंच्या जंगलं व्यापली. घाणेरीच्या जाळीखाली गवत धड वाढत नाही. तिचा पाला पोटात गेला तर गुरांचं यकृत बिघडतं.

मग ती उपटावी की नाही? अहिंसा मनापासून मानणाऱ्याला हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. जैन विचारात वनस्पती हा एकेंद्रिय जीव. शिवाय घाणेरीने ठरवून काहीच केलेलं नाही. उगवणं आणि पसरणं हा तिचा स्वभावच. परकी म्हणून तिला दोष द्यावा, तर दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही मूळचा मेक्सिकोकडचा. तो अंगणात राहिला, एवढंच.

जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, आला आहे. गृहस्थाच्या व्रतांपैकी अनर्थदंड-विरती तर विनाकारण होणाऱ्या हिंसेबद्दलच आहे. या कसोटीला झुडूप सुटतं आणि लावणारा अडकतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या बागप्रेमींना पुढचं दिसणं अवघड होतं, त्यांना फार धारेवर धरू नये. आपल्याला मात्र ती सवलत नाही. जलपर्णीही फुलांच्या मोहानेच देशात आली. तिने झाकलेली नदी पुणेकर वर्षानुवर्षं बघतात. टेकड्यांवर कॉसमॉस माजलेला दिसत असतानाही त्याच्या बियांची पाकिटं हौसेने घेतली जातात. हा प्रमाद नव्हे तर काय?

उपटण्याचीही एक रीत आहे. घाणेरी नुसती छाटली तर पुन्हा जोमाने फुटते. म्हणून कुदळीने जमिनीखाली सोटमूळ तोडतात आणि झुडूप उलटं करून ठेवतात, मुळं वर, फांद्या खाली. एवढ्यावर भागत नाही. पक्षी बसतात त्या झाडांखाली नवी रोपं येतच राहतात, ती पुढेही काही वर्षं काढावी लागतात.

हे कष्ट कोणाच्या वाट्याला येतात, हेही बघायला हवं. कर्नाटकातल्या बिळिगिरिरंगन डोंगरांतले सोलिगा आदिवासी पूर्वी रानातल्या पाचोळ्याला हलकी आग लावत. 1974 साली तिथे अभयारण्य झालं, आगीवर बंदी आली, आणि घाणेरी माजली ती त्यानंतरच, असं सोलिगांचं म्हणणं. बागेच्या हौसेशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. आता त्यांच्यातले काही जण तिच्या काटक्या उकळून, साल काढून फर्निचर बनवतात. त्यातून थोडे पैसे मिळतात, पण खुर्च्या-टेबलांना लागते त्याहून कितीतरी जास्त घाणेरी रानात उभीच आहे.