शिधापत्रिकेवरचं दुसरं नाव

सुपरमार्केटमध्ये शिरो कलिंगडासमोर थबकतो. घ्यायचं तर आहे, पण घरात माणसं दोनच. अख्खं कलिंगड संपायचं कधी? शेजारी एक गृहिणी त्याच विवंचनेत उभी असते. शेवटी दोघं मिळून एक कलिंगड घेतात आणि निम्मं निम्मं वाटून घेतात. २०१९ साली ‘टीव्ही टोकियो’वर लागलेल्या एका जपानी मालिकेतला हा प्रसंग. मालिकेचं नाव ‘किनो नानी ताबेता?’, म्हणजे ‘काल काय खाल्लंस?’ फुमी योशिनागा यांच्या २००७ पासूनच्या चित्रकथेवर ती बेतलेली आहे. शिरो वकील, केनजी सलूनमध्ये केस कापणारा. दोघं चाळिशी ओलांडलेलं जोडपं. जेवणाखाण्याचा महिन्याचा खर्च २५ हजार येनमध्ये बसवायची शिरोची धडपड आणि रात्री समोरासमोर बसून केलेलं जेवण, हेच मालिकेचं कथानक.

दोन पुरुषांचा संसार इतका साधा दिसू शकतो, ही कल्पना मराठी मुलखात कशी रुजत गेली?

सुरुवात सांगलीपासून करायला हवी. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी तिथे ‘सीतास्वयंवर’ रंगवलं आणि पुढची कित्येक दशकं मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुषच करत राहिले. पलूस तालुक्यातलं नागठाणे हे मूळ गाव असलेले बालगंधर्व १९०५ साली मिरजेत शकुंतला म्हणून उभे राहिले आणि महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं. तमाशातल्या नाच्याच्या वाट्याला मात्र हशा आणि हेटाळणी आली. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मध्ये ते दुःख उतरलं आहे. पण मान असो वा हेटाळणी, प्रेक्षक बोलत होते ते वेशाबद्दल. माणूस काय नेसतो आणि कुणावर जीव लावतो, हे दोन निराळे प्रश्न आहेत, हे उमगायला फार काळ गेला.

दुसरा प्रश्न विजय तेंडुलकरांनी १९८१ साली ‘मित्राची गोष्ट’मध्ये थेट रंगमंचावर आणला. रोहिणी हट्टंगडींनी उभी केलेली मित्रा एका मुलीवर प्रेम करते. प्रेमाला प्रेम म्हटलं गेलं, पण शेवटी मित्राला स्वतःचा जीव द्यावा लागला.

नव्वदच्या दशकात हा विषय एड्सच्या वाटेने आला. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेचं काम सुरू झालं; पुढे देहविक्री करणाऱ्या पुरुषांची आणि तृतीयपंथीयांची ‘मुस्कान’ ही संघटना तिथेच उभी राहिली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला आणि समलिंगी माणसांच्या आयुष्यावर मराठीत सातत्याने लिहिलं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. शोकांतिका, आजार, गुन्हा अशा पायऱ्या चढत विषय इथवर आला. घराचा उंबरठा अजून पुढेच होता.

त्याच्या सगळ्यांत जवळ पोहोचला तो रोहन परशुराम कानवडे यांचा ‘सबर बोंडं’ हा चित्रपट. २०२५ साली सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक त्याने पटकावलं. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि शेतात राबणारा त्याचा बालमित्र बाळ्या यांची ही गोष्ट. पाहुण्यांचा ‘लग्न कधी?’ हा धोशा चालूच असतो. आनंदची आई मात्र लेकाला ओळखून असते. तिच्यामुळेच ही गोष्ट घरातली होते.

पण आनंद आणि बाळ्या तिशीतले आहेत, त्यांचा संसार अजून मांडायचा आहे. वीस वर्षं मुरलेला संसार दाखवायला मालिकाच हवी, कारण रोजचेपणा हेच मालिकेचं बळ. साताऱ्याच्या मातीत ‘लागिरं झालं जी’ आणि ‘देवमाणूस’ या मालिका घडल्या. तिथलं अंगण, चूल, ओसरी घराघरांत पोहोचली. त्याच अंगणात पन्नाशीचे दोन पुरुष संध्याकाळी भाकरीबरोबर पिठलं करायचं की आमटी यावर वाद घालताना दिसावेत. मालिका लिहिणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

कागदोपत्री ते घर आधीच उभं राहू लागलं आहे. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क नाकारला. पण २०२४ साली केंद्राने दोन गोष्टी स्पष्ट केल्या: अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडता येईल आणि शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच कुटुंबातले मानावं, असं राज्यांना कळवण्यात आलं आहे.