खरे चित्र आणि बरे चित्र

समुद्राचा रंग कोणता, असा प्रश्न मी दरवर्षी नव्या वर्गाला विचारते. मुले एका सुरात उत्तर देतात, "निळा!" ही मुले काही पुण्या-नागपूरची नव्हेत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वाढलेली आहेत. पावसाळ्यात नद्या डोंगरांची तांबडी माती घेऊन खाडीत उतरतात, तेव्हा हाच समुद्र चहासारखा होतो, हे त्यांनी जन्मापासून पाहिले आहे. थंडीतल्या पहाटे तो शिशासारखा करडा असतो आणि भर दुपारी इतका पांढरा चमकतो की, त्याच्याकडे पाहवतही नाही. तरीही उत्तर 'निळा' असेच येते; कारण चित्रातला समुद्र निळा असतो. माणसाचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा चित्रावर अधिक विश्वास असावा, ही गोष्ट मला थोडी गमतीची आणि बरीचशी काळजीची वाटते.

काळजीचे कारण असे की, चित्र बदलणे आता फार सोपे झाले आहे. मोबाइलवर बोट फिरवले की करडे आकाश केशरी होते, किनाऱ्यावरचा विजेचा खांब नाहीसा होतो. फोटोशॉप हे साधन १९९० साली बाजारात आले. त्याचे एक जनक जॉन नोल हे त्याची करामत लोकांना दाखवीत, ती ज्या छायाचित्रावर, तेही समुद्रकिनाऱ्याचेच होते. १९८७ साली बोरा बोरा बेटावर त्यांनी स्वतः काढलेले. २०२० सालापासून तर त्यात आकाशच्या आकाश बदलून देण्याची सोय झाली आहे.

ह्यावर आपल्याकडे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, कॅमेऱ्यातून निघाले तेवढे खरे. त्याला हात लागला की ते खोटे. दुसरा म्हणतो, छायाचित्र ही कला आहे आणि कलावंताला हिशेब मागू नये. मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत. का पटत नाहीत, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

गेल्या शतकाच्याही मागच्या शतकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे नावाचा एक छायाचित्रकार होऊन गेला. शिक्षण चित्रकाराचे, ओढ समुद्राची. त्या काळी काचेवर जे रसायन लावीत, त्याच्यावर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार लवकर होई. लाटा नीट उमटेपर्यंत थांबावे, तर तोवर आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे पडे. ढग असले तरी दिसत नसत. ल ग्रेने ह्यावर एक तोड काढली. एक काच समुद्रासाठी, दुसरी आकाशासाठी. आणि दोन्ही क्षितिजाच्या रेषेवर जुळवून एकाच कागदावर छापायच्या. भूमध्य समुद्रावरच्या सेत येथे १८५७ साली त्याने केलेले महालाटेचे चित्र असे दोन काचांचे आहे.

आता पाहा. इथे हात न लावलेले चित्र खोटे ठरले असते. ढगांनी भरलेला दिवस त्याने बोडका दाखविला असता. हात लावला, म्हणूनच चित्र डोळ्यांनी पाहिलेल्याच्या जवळ गेले. तेव्हा पहिल्या पक्षाचे म्हणणे तिथेच संपते. यंत्रालाही स्वतःचा आंधळेपणा असतो.

पण ल ग्रे तिथेच थांबला नाही. कधी कधी त्याने एका वेळच्या समुद्रावर दुसऱ्या वेळचे, दुसऱ्या जागेचेही आकाश बसविले. आधी तो यंत्राची उणीव भरून काढीत होता. आता तो त्या दिवसाचीच उणीव भरून काढू लागला. मी त्याला लबाड म्हणणार नाही. त्याची चित्रे लोक भिंतीवर लावीत, त्यांच्या भरवशावर कोणी होडी लोटीत नसे. तरीपण त्याने एक उंबरा ओलांडला, एवढे खरे.

पुढे १९३२ साली अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, काही छायाचित्रकारांनी 'एफ ६४' नावाचा गट काढला. छायाचित्रे धूसर करून त्यांना रंगचित्राचे सोंग देण्याची जी चाल पडली होती, तिचा त्यांना वीट आला होता. त्यांतल्या एडवर्ड वेस्टनने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या पॉइंट लोबोस येथे खडक, झाडांची मुळे, समुद्रवनस्पती अशा काही टिपल्या आहेत की, दगडाची खरखर बोटाला लागावी. त्याचा सोबती अॅन्सल अॅडम्स हा तरुणपणी पियानोवादक होऊ पाहणारा. तो म्हणे की, निगेटिव्ह म्हणजे संगीतकाराने लिहिलेली स्वरलिपी आणि छापलेले चित्र म्हणजे तिचे वादन. म्हणून अंधाऱ्या खोलीत तो इथे उजळ, तिथे गडद असे तासन्‌तास करीत बसे. आपल्याला हे समजायला अवघड नाही. बंदिश एकच असते, पण गाणारा तिला आपला रंग देतो. मात्र वर्ज्य स्वर घेतला की राग बिघडतो, हेही आपल्याला ठाऊक आहे.

छायाचित्रात वर्ज्य स्वर कोणता?

चित्र कुठे लावले आहे, ह्यावर तो काही अंशी ठरतो. काही छायाचित्रकार कॅमेऱ्याची झडप अर्धा-एक मिनिट उघडी ठेवतात. लाटा येतात, जातात, आणि चित्रात त्यांचे नुसते धुके उरते. खवळलेला समुद्र ताटातल्या दुधासारखा शांत दिसतो. कलादालनात असे चित्र पाहून मन निवते. पण आषाढातल्या समुद्राचे हेच चित्र पाहुण्यांना बोलावणाऱ्या जाहिरातीत घातले, तर ते एखाद्या परक्या मुलाच्या जिवावर बेतेल. चित्र तेच, पण एका ठिकाणी ते गाणे असते आणि दुसऱ्या ठिकाणी साक्ष. साक्षीत गाऊ नये.

परंतु माझ्या मते ह्याहून मोठा दोष दुसराच आहे, आणि तो अॅडम्सच्याच एका प्रसिद्ध चित्रावरून ध्यानात येतो. हे चित्र समुद्राचे नसून पर्वताचे आहे. १९४४ साली लोन पाइन ह्या गावाजवळून त्याने सिएरा नेवाडा पर्वतावरचा हिवाळ्यातला सूर्योदय टिपला. समोरच्या काळोख्या टेकडीवर गावातल्या शाळेच्या मुलांनी आपल्या गावाची 'एल' आणि 'पी' अशी दोन प्रचंड अक्षरे पांढऱ्या रंगात काढून ठेवली होती. अॅडम्सने ती चित्रातून पुसून टाकली. त्याच्या दृष्टीने ती टेकडीवरची जखम होती, आणि ह्या म्हणण्यात अर्थ नाही असे नव्हे. चित्र अप्रतिम आहे. पण मी शिक्षिका असल्यामुळे की काय, मला ती दोन अक्षरे विसरता येत नाहीत. आम्ही इथे राहतो, एवढेच ती मुले सांगत होती.

कोणी म्हणेल, पुसण्याला एवढे काय भ्यायचे? पूर्वी स्टुडिओतले छायाचित्रकार टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवर काम करून उपवर मुलीच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण घालवीत. खरे आहे. पण तिथे व्रण जिचे, तिची किंवा तिच्या घरच्यांची ती इच्छा असे. किनाऱ्यावरच्या माणसांना कोण विचारतो?

माझा एक जुना विद्यार्थी गावात पाहुण्यांसाठी चार खोल्या चालवितो. त्याने मला मोबाइलवर दोन छायाचित्रे दाखविली. पहिल्यात रापणीची जाळी होती, सुकत घातलेली मासळी होती आणि कावळे हाकत बसलेली त्याची आजी होती. दुसऱ्यात गुलाबी आकाश आणि धुतल्यासारखी मोकळी वाळू.

"तुझी आजी कुठे गेली रे?" मी विचारले.

तो हसला. मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "बाई, मासळी दिसली की पाहुण्यांचा फोन येत नाही. खोल्या रिकाम्या राहिल्या तर आजीची औषधं कशातून आणू?"

ह्या प्रश्नाला मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. पोटाचा प्रश्न आहे, आणि पाहुणा तरी असा कितीसा फसतो? किनाऱ्यावर पाऊल ठेवताच त्याला मासळीचा वास येतोच. मला भय वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. ह्या मुलाला एक लहान मुलगी आहे. दुसरे चित्र मोठे करून त्याने फाटकावर लावले, तर ती ते रोज येता-जाता पाहील. आपला किनारा सुंदर दिसायचा असेल तर त्यावरून पणजी पुसावी लागते, हे तिला कोणी न शिकविता कळेल. मोठी झाल्यावर आपल्या घराचा, आपल्या धंद्याचा, आपल्या बोलीचा तिला संकोच वाटू लागला, तर त्याचे मूळ कोणालाही सापडणार नाही.

"दोन्ही चित्रे शेजारी शेजारी लाव," असे मी त्याला सुचविले. "बघतो, बाई," एवढेच तो म्हणाला. त्याच्यावर आणखी जोर करण्याचा अधिकार मला नाही. पाहुण्यांची आवड त्याने ठरविलेली नाही. ती आपण सर्वांनी मिळून ठरविली आहे.

म्हणून हे सांगणे त्याला नसून वाचकहो, तुम्हांला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तुमच्यापैकी कितीतरी कुटुंबे आमच्याकडे समुद्र पाहायला येतील. यावे, मुलाबाळांसह यावे. छायाचित्रे काढावीत, घरी जाऊन त्यांत आकाश थोडे उजळावे, सावल्या गडद कराव्यात. सणाला आपण घरालाही रंग देतोच. पण किनाऱ्यावर कोणी जाळे ओढीत असेल, कोणी मासळी राखीत बसले असेल, तर त्याला आपल्या चित्रात राहू द्यावे. हा किनारा आधी त्यांचा आहे.