दुसऱ्या मालकाची गाडी

वस्तू वापरण्यासाठी असते की जपण्यासाठी, हा प्रश्न ऋषिमुनींना पडायचं कारण नव्हतं. वल्कल आणि कमंडलू वापरल्यावाचून त्यांना गत्यंतरच नव्हतं. प्रश्न पडतो तो तुमच्याआमच्यासारख्या हप्तेवाल्यांना. सोफ्याला अभ्रे, अभ्र्यांवर प्लॅस्टिक, आणि स्वतः खाली सतरंजीवर बसून सोफ्याकडे समाधानाने पाहणं, ही आमची परंपरा.

आमच्या धाकट्या मेहुण्यांनी दसऱ्याला मोटार घेतली. घेतली म्हणजे बँकेने घेतली आणि यांना चालवायला दिली. पण ती घरी यायच्या आधी चार दिवस एका दुकानात मुक्कामाला होती. तिथे तिच्या अंगभर पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म चिकटवली. जाडी सुमारे दोनशे मायक्रॉन, म्हणजे एकावर एक ठेवलेले तीन केस. त्यावर सिरॅमिकचा थर. हा काचेच्या कुळातला, सिलिकाचा, अवघा एक-दोन मायक्रॉनचा. फिल्म उडालेला खडा झेलते, सिरॅमिक पाणी ठरू देत नाही. फिल्मवरचा बारीक ओरखडा तर उन्हाच्या उबेने आपोआप भरून येतो. आपल्या कातडीला जे फुकटात जमतं, त्याचे मेहुण्यांनी चांगले पैसे मोजले.

पुढचं सोवळं मात्र गाडीचं नव्हे, मालकाचं. धुवायला बादल्या दोन, एक शाम्पूची आणि एक फडकं खळबळायची. शाम्पू आम्ल नको, अल्कली नको. उन्हात धुवायची नाही, कारण थेंब जागीच वाळून क्षारांचे डाग पडतात. कबुतराने कृपा केली तर जेवणावरून उठून ती भिजवून, अलगद टिपून घ्यायची. मी दार उघडायला हात पुढे केला की आवाज येतो, "दाजी, अंगठी काढा हां आधी!" पावसाळ्यात मेहुणे रिक्षाने फिरतात. गाडी असताना रिक्षा का, तर म्हणाले, "चिखल उडंल की!"

मी पडलो बी.कॉम. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की घसारा तीन कारणांनी होतो: वापराने, काळाने, आणि बाजारात नवं मॉडेल आल्याने. फिल्म या तिघांपैकी पहिल्याशीच झगडते, तेही कातडीपुरतं. उरलेले दोघे दारात उभ्या गाडीलाही सोडत नाहीत. माझ्या आईने एक पैठणी तीस वर्षं डांबराच्या गोळ्यांत जपली. चांगल्या प्रसंगी नेसणार होती. घरात मुंजी झाल्या, लग्नं झाली, पण तिच्या मते त्याहून चांगला प्रसंग यायचा होता. ती गेल्यावर पैठणी बाहेर काढली, तर घडी-घडीवर विरलेली. नेसली असती, तर निदान घडी तरी मोडली असती.

गाडीचं गणित त्याहून गमतीचं आहे. फिल्म काही वर्षांनी जुनी होते आणि सोलून काढतात. खालचा रंग नवाकोरा निघतो, आणि बहुधा त्याच सुमारास गाडी विकायला निघते. म्हणजे हप्ते, दोन बादल्या, अंगठी काढणं, हे सगळं एका अनोळखी दुसऱ्या मालकासाठी! पहिल्याचं बोट स्वतःच्या गाडीच्या रंगाला एकदाही लागलेलं नसतं.

मग जपूच नये का? कोल्हापुरात राहून असं म्हणवत नाही. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली, १९३० च्या दशकातली ती जर्मन मेबॅक मोटार विजयादशमीला दसरा चौकात येते, तेव्हा तिला पाहायला माणसं टाचा उंच करतात. ती जन्मली तेव्हा ना फिल्म होती, ना सिरॅमिक. पिढ्यानपिढ्या कुणीतरी हाताने पुसली, म्हणून ती टिकली. पण ती जपली जाते ती चौकात येण्यासाठी. तालमीतली लाल माती घ्या. ताक, तेल, हळद, लिंबू घालून पोटच्या पोरासारखी सांभाळतात, आणि मग तिच्यात माणूस आपटतात! माती मऊ राखायची ती पडणाऱ्याला लागू नये म्हणून. कोल्हापुरी चपलेला तेल देतात तेही ती पायाला चावू नये म्हणून, कपाटात शोभावी म्हणून नव्हे.

तेव्हा जपावं जरूर, पण अधूनमधून हिशेब तपासावा: जपल्यामुळे वस्तू जास्त वापरता येते आहे, की कमी? उत्तर 'कमी' आलं, तर मालक कोण आणि राखणदार कोण हे खात्यावर नीट लिहून घ्यावं.

परवा मी मेहुण्यांना म्हटलं, "पाव्हणं, एवढं कवच घातलंय, तर चैत्रात जोतिबाला गाडीनेच जाऊ. गुलाल उधळू दे. कोरडा पुसायचा नाही, आधी पाण्याने सोडवायचा, धुऊन निघंल. त्याचेच तर पैसे मोजलेत!"

मेहुणे बराच वेळ बॉनेटकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण येताना डोंगराच्या पायथ्यालाच धुवायची हां, दाजी. सावलीत."