शरीराचं किती ऐकायचं?

गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला की सर्जन बहुधा पेशंटच्याच मांडीमागचा किंवा वाटीखालचा कंडरा घेऊन नवा अस्थिबंध बसवतात. ऑपरेशन तास-दोन तासांत आटोपतं. कबड्डीच्या मॅटवर परतायला मात्र साधारण नऊ महिने तरी लागतात, आणि त्यातली बरीचशी मेहनत घरीच, सतरंजीवर करावी लागते.

'शरीर सांगतं ते ऐकावं' हा सल्ला आपण एरवी डोळे झाकून मानतो. इथे तो दोनदा फसवतो.

पहिल्यांदा फसवतो सुरुवातीला. पेशंट कण्हला की घरातलं कुणीतरी मायेनं गुडघ्याखाली उशी सारतं. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच राहतो. तसाच आखडला तर माणूस पुढे लंगडतो. म्हणून फिजिओथेरपिस्ट टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवायला सांगतात. सुजेमुळे मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला जाणारा हुकूमही अडवून धरते. धडधाकट गडी जोर लावतो आणि मांडी ढिम्म हलत नाही. त्याला आळशी ठरवण्यात अर्थ नसतो. गुडघा खाली दाबायचा, वाटी मांडीकडे सरकते का ते पाहायचं, पाच अंक मोजून सैल सोडायचं, हेच दिवसातून अनेकदा.

दुसरी फसगत दुखणं थांबल्यावर. दोन-तीन महिन्यांत पेशंटला पळावंसं वाटू लागतं. बसवलेला कंडरा तेव्हा जुनी घडण टाकून नवी घेत असतो आणि म्हणूनच कच्चा असतो. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात, नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितकं लांबलं, तितकं दर महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यानं घटलेलं दिसलं.

म्हणजे शरीराकडे दुर्लक्ष करायचं असं नाही. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर तो जास्त झाला. पोटरी अचानक दुखून सुजली तर लगेच डॉक्टर गाठायचे. पण आपल्याला काय वाटतं त्यापेक्षा काय दिसतं आणि काय मोजता येतं, यावर भिस्त ठेवायला हवी: गुडघा पूर्ण सरळ होतो का, मांडीचा घेर चांगल्या पायाच्या किती जवळ आला, ताकद त्याच्या नव्वद टक्क्यांवर पोचली का.

घरच्यांनीही 'कसं वाटतंय?' विचारून थांबू नये. 'आज किती सरळ झाला?' हे विचारण्यातही तितकीच माया असते, आणि पायाला उपयोग जास्त.