उतरणीचं कूळ कोणतं?

वेल चढते, एवढ्यावरून ती कोणाची नातलग हे कळत नाही. चढणं ही उजेडाकडे जाण्याची युक्ती आहे आणि ती अनेक वनस्पतींना आपापल्या वाटेने साधली आहे. करवीर कुळातच पाहा. बंगल्याच्या कमानीवरची अलमांडा, झुडपांतून सरकणारी उपळसरी, कुंपणावर माजणारी उतरण. तिघींना चीक आहे, पण तिघी तीन उपकुळांतल्या. नातं शोधायचं तर फुलाच्या आत, परागापर्यंत जावं लागतं.

उतरणीच्या फुलात पराग सुटा नसतो. परागकोषाच्या एकेका कप्प्यातले सगळे कण मेणचट पिशवीत बांधलेले असतात. शेजारच्या दोन परागकोषांतली एकेक पिशवी एका बारीक चिमट्याला जोडलेली असते. मधासाठी आलेल्या किड्याचा पाय किंवा सोंड फटीत अडकली, की चिमटा तिथे घट्ट बसतो आणि किडा पिशव्यांची जोडी घेऊनच उडतो. रुईचंही असंच. ही रचना इतकी आगळी, की 1810 मध्ये रॉबर्ट ब्राऊनने ही मंडळी करवीर कुळातून वेगळी काढली. त्यांचं रुई कूळ झालं. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरच्या थिओडोर कुकच्या ग्रंथातही ही दोन कुळं स्वतंत्रच आहेत.

ब्राऊनचं निरीक्षण अचूक होतं. अडचण सीमेवर आली. उपळसरीच्या उपकुळातल्या बहुतेक वनस्पतींत चार-चार कण एकत्र राहतात आणि चमच्यासारख्या अवयवावर सांडतात. ते धड सुटे नाहीत, धड पिशवीबंदही नाहीत. त्याहून बोलकी कण्हेर. तिचा पराग सुटा, पण परागकोष फुलाच्या मधल्या अवयवाला चिकटलेले, आणि बियांना उतरणीसारखाच केसांचा झुपका. करवंदाच्या किंवा अलमांडाच्या बीला तो नसतो. डीएनएच्या अभ्यासातूनही हेच दिसलं: कण्हेर करवंदापेक्षा उतरणीला जवळची आहे. मग रुई कूळ बाहेर काढलं, तर मागे उरतं ते कूळ कसलं? त्यातल्या कण्हेरीची सख्खी नाती बाहेर आणि चुलत नाती आत!

म्हणून 2000 मध्ये मेरी एन्ड्रेस आणि पीटर ब्रुइन्स यांनी सगळ्यांना एका करवीर कुळात आणून पाच उपकुळं मांडली. मला ही मांडणी अधिक न्यायाची वाटते. ब्राऊनने ओळखलेली पिशवी तिच्यातही महत्त्वाची आहेच; फक्त आता ती कुळाची हद्द ठरवत नाही, कुळातली एक फांदी दाखवते.